साडेपाच फेऱ्यांची टाकी, दोन फेऱ्यांचा उपसा : नाशिकच्या वेशीवरच्या एका सोसायटीचे प्रकरण

पाथर्डी फाट्याच्या पुढे शहर विरळ होत जातं आणि भाजीपाल्याच्या वावरांमध्ये मधूनच तीन-चार मजली इमारती उभ्या दिसतात. अशाच एका ठिकाणी दोन इमारतींची, २४ सदनिकांची एक सोसायटी आहे. नाव देत नाही, कारण तिच्यासारख्या सोसायट्या मखमलाबाद, आडगाव, चेहेडी, म्हसरूळ अशा सगळ्या दिशांना सापडतील. महापालिकेची ड्रेनेज लाइन इथवर आलेली नाही. मैला आवारातल्या सेप्टिक टँकमध्ये जातो, टाकीतून निघालेलं पाणी शोषखड्ड्यात जातं आणि तिथून पुढे ते कुठे जातं याचा विचार सहा वर्षं कोणी केला नव्हता.

विचार करावा लागला तो दोन तक्रारींमुळे. पहिली सोसायटीतलीच. जून ते सप्टेंबर टाकीचं झाकण उचललं जायचं, पार्किंगमध्ये घाण पाणी पसरायचं आणि तळमजल्यावरच्या कुटुंबांना खिडक्या बंद ठेवून बसावं लागायचं. दुसरी शेजारच्या शेतकऱ्याची. कंपाउंडच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर त्याची जुनी विहीर आहे. तिच्या पाण्याला वास मारू लागला होता. तो थेट सोसायटीच्या मीटिंगला येऊन बसला आणि म्हणाला, “पोरांनो, तुमची घाण तुमच्यापाशी ठेवा. माझी जनावरं बी त्या पाण्याला तोंड लावीना झालीत.”

समितीसमोर तेव्हा दोन पर्याय होते. एक, आणखी मोठी टाकी बांधणं. दोन, तयार बांधणीचा छोटा सांडपाणी प्रकल्प, म्हणजे एसटीपी, बसवणं. त्याचं कोटेशनही आलेलं होतं. यातलं काय करावं हे ठरवण्याआधी आहे ती व्यवस्था नीट तपासावी, या मतावर सेक्रेटरी बाई ठाम होत्या. मी स्थापत्य अभियंता म्हणून या कामात शिरलो तो तपासणीसाठी.

नकाशात टाकी सहा मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि पाण्याची खोली १.८ मीटर. म्हणजे २७ घनमीटर, २७ हजार लिटर. दोन कप्पे, मध्ये भिंत. प्रत्यक्षात टाकी मापाला बरोबर निघाली, बांधकामही चांगलं होतं. पण दुसऱ्या कप्प्याचं झाकण सापडेना. पार्किंगला पेव्हर ब्लॉक बसवताना ते खाली गाडलं गेलं होतं. सहा वर्षांत दुसरा कप्पा एकदाही उघडला गेला नव्हता आणि कोणालाही त्याची आठवण नव्हती. टाकीतून पाणी बाहेर पडतं त्या तोंडाशी जो टी-आकाराचा पाइप असायला हवा, तोही तुटून खाली पडलेला होता. हा पाइप तरंगणारी साय अडवतो आणि मधल्या थरातलं त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी पुढे सोडतो. तो नसला की वरची साय सरळ शोषखड्ड्यात जाते आणि खड्ड्याची तोंडं बुजवते.

यापेक्षा मोठी गोष्ट चेंबर उघडल्यावर कळली. आपल्याकडच्या इमारतींना बाहेरून दोन वेगळे पाइप उतरतात. एक संडासाचा, दुसरा न्हाणी आणि स्वयंपाकघराचा. इथेही तसेच होते. पण जमिनीलगत आल्यावर दोन्ही एकाच चेंबरमध्ये सोडलेले होते, म्हणजे घरातलं सगळं सांडपाणी टाकीत. आणि एका इमारतीच्या गच्चीवरून येणारा पावसाचा पाइपही त्याच चेंबरमध्ये. ती गच्ची २५० चौरस मीटरची आहे. एखाद्या दिवशी ५० मिलिमीटर पाऊस झाला तर एवढ्या गच्चीवरून साडेबारा हजार लिटर पाणी उतरतं. पावसाळ्यातच झाकण का उचललं जातं, याचं निम्मं उत्तर इथे मिळालं.

उरलेलं निम्मं उत्तर हिशेबात होतं, आणि हा हिशेब मी समितीच्या मीटिंगमध्ये फळ्यावर मांडला, कारण माझ्या मते प्रत्येक सोसायटीच्या चेअरमनला तो यायला हवा. २४ घरं, घरटी सरासरी साडेचार माणसं, म्हणजे १०८ माणसं. माणशी रोज १३५ लिटर पाणी हे शहरी पुरवठ्याचं रूढ प्रमाण. त्यातलं सुमारे ८० टक्के सांडपाणी होतं, म्हणजे माणशी १०८ लिटर, सगळ्यांचं मिळून रोज ११,६६४ लिटर. टाकी रिकामी असताना हे पाणी तिच्यात सव्वादोन दिवस थांबतं. टाकीचं काम चांगलं व्हायला पाणी निदान एक दिवस शांत थांबायला हवं, तेवढ्यात जड घाण तळाशी बसते. म्हणजे सुरुवातीला टाकी पुरेशी होती.

पण तळाशी बसलेला गाळ जागा खातो. तो कुजतो, आकसतो, पण नाहीसा होत नाही. माणशी वर्षाला साधारण ६० लिटर धरला तर या सोसायटीचा गाळ वर्षाला ६,४८० लिटर होतो. दोन वर्षांत निम्मी टाकी गाळाने भरते. तिसऱ्या वर्षाअखेर पाण्याला साडेसात हजार लिटरची जागा उरते आणि सांडपाणी पंधरा-सोळा तासांत बाहेर पडतं. चौथ्या वर्षी हिशेबाने टाकीत जेमतेम हजार लिटरची जागा शिल्लक असते. प्रत्यक्षात त्याआधीच गाळ पाण्याबरोबर वाहून जाऊ लागतो. तेव्हापासून ती टाकी राहत नाही, मैला वाहून नेणारा एक रुंद पाइप होते. सोसायटीला सहा वर्षं झाली होती. म्हणजे निदान दोन वर्षं तिचा मैला जवळपास जसाच्या तसा शोषखड्ड्यात जात होता.

इथे कोणीतरी विचारलं, “पण आपण तर दरवर्षी टँकर बोलावतो!” खरं होतं. पावसाळ्यात पाणी वर आलं की टँकर बोलावला जायचा, वर्षातून तीनेक वेळा, दर वेळी दोन फेऱ्या. टँकर ५,००० लिटरचा, फेरीला दोन हजार रुपये. मी पुढच्या वेळी टँकर आला तेव्हा थांबून पाहिलं. पाइप झाकणातून जेमतेम मीटरभर खाली सोडला, वरचं पाणी ओढलं, टाकीची पातळी उतरली, वास कमी झाला, पैसे दिले, टँकर गेला. ड्रायव्हरने मोकळेपणाने सांगितलं, “साहेब, तळाचं घट्ट झालेलं असतं, ते ओढायला गेलं की पाइप चोक होतो. वरचं काढलं की लोकांचं काम भागतं.” त्याच्या दृष्टीने त्यात काही वावगं नव्हतं. लोकांनी त्याला पाणी वर आलंय म्हणून बोलावलं होतं, त्याने पाणी खाली नेलं. गाळ काढ असं त्याला कोणी म्हटलंच नव्हतं.

२७ हजार लिटरची टाकी पूर्ण रिकामी करायला अशा टँकरच्या साडेपाच फेऱ्या लागतात. दोन फेऱ्यांत दहा हजार लिटर जातं, तेही वरचं. एका दिवसात टाकी पुन्हा होती तशी. सोसायटी वर्षाला सहा फेऱ्यांचे १२,००० रुपये खर्च करत होती आणि एवढ्या पैशात दर वर्षी टाकी तळापासून स्वच्छ होऊ शकली असती. गरज तर दोन वर्षांतून एकदाचीच होती. माझ्या मते या प्रकरणाची किल्ली इथे आहे. पैसा कमी नव्हता, टाकी लहान नव्हती. उपसा तुंबल्यावर व्हायचा, ठरल्या वेळी होत नव्हता.

आता शोषखड्डा. नाशिक दख्खनच्या बेसाल्टवर वसलेलं आहे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, आणि मग काळा कातळ. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि पाणी जिरू देत नाही. मुरूम पाणी पितो, पण त्याखालच्या कातळात पाणी गाळून निघत नाही, भेगांमधून धावतं. गंगेच्या मैदानातल्या जाड वाळूच्या थरात शोषखड्ड्याचं पाणी थोडं थोडं जिरत जातं आणि वाटेत बरेच जंतू मरतात. आपल्या भेगाळ कातळात ती सवड मिळत नाही. एका ठिकाणी जिरलेलं पाणी दुसरीकडच्या विहिरीत किती लवकर उतरेल हे भेगा ठरवतात, नकाशावरचं अंतर ठरवत नाही. सोसायटीचा शोषखड्डा मुरमात, सुमारे तीन मीटर खोल खणलेला होता आणि त्याच्या तळाशी कातळ लागलेला होता.

शेतकऱ्याच्या विहिरीचं पाणी आम्ही दोन प्रकारे तपासलं. एक घरच्या घरी करता येणारी बाटलीची चाचणी. त्यात पाण्यात आतड्यातले जंतू असतील तर दोन दिवसांत पाणी काळं पडतं. दुसरी प्रयोगशाळेची. बाटली काळी पडली आणि प्रयोगशाळेच्या अहवालातही विष्ठेतले जंतू निघाले. भारतीय मानकांप्रमाणे पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ते एकही असता कामा नये. सोसायटीच्या बोअरचीही तपासणी करून घ्या असं मी सुचवलं तेव्हा खोलीत शांतता पसरली, कारण उन्हाळ्यात पाण्याचे टँकर कमी पडले की तीच बोअर गच्चीवरच्या टाकीत सोडली जात होती. तिचाही निकाल तोच आला. तोपर्यंत हा शेजाऱ्याचा प्रश्न होता. त्या दिवसापासून तो आपला झाला, आणि पुढचे सगळे ठराव एकमताने झाले.

एसटीपीच्या कोटेशनबद्दल थोडक्यात. मी ते नको म्हटलं. तंत्रज्ञान वाईट म्हणून नव्हे. असा प्रकल्प चोवीस तास हवा फुंकत ठेवावा लागतो, त्याला वीज लागते, रोज पाहणारा माणूस लागतो, आणि तोही गाळ तयार करतोच, जो शेवटी टँकरनेच न्यावा लागतो. २४ घरांच्या मेंटेनन्समध्ये हा खर्च वर्षानुवर्षं चालणं अवघड. पैसे वाचवायला ब्लोअर बंद ठेवला की काही दिवसांत त्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि लाखो रुपयांची साधी टाकी तेवढी उरते. मोठ्या वसाहतीला तो परवडतो. इथे आहे ती टाकी नीट चालवणं जास्त शहाणपणाचं होतं.

मग चार कामं ठरली. पावसाचा पाइप चेंबरमधून तोडून बाहेर काढायचा. संडासाचं आणि न्हाणी-स्वयंपाकघराचं पाणी वेगळं करायचं. दुसऱ्या कप्प्याचं झाकण उघडं करून टी-पाइप बसवायचा. आणि टाकी तळापर्यंत उपसायची, तीही दर दोन वर्षांनी, दिवाळीनंतर, पाणी वर येवो न येवो.

पाणी वेगळं करणं वाटलं होतं त्याहून सोपं निघालं, कारण उभे पाइप वेगळेच होते. फक्त जमिनीलगतच्या चेंबरमध्ये बदल करावा लागला. संडासात माणशी ४५ लिटर पाणी धरलं तर टाकीत आता रोज ४,८६० लिटरच येतं. गाळाने निम्मी भरलेली असतानाही त्या पाण्याला टाकीत पावणेतीन दिवस मिळतात. उरलेलं ६,८०० लिटर साबणाचं, धुण्याभांड्यांचं पाणी मागच्या भिंतीलगतच्या मोकळ्या पट्ट्यात नेलं. ३० मीटर लांब, दोन मीटर रुंद चर, ६० सेंटिमीटर खडी, तळाला जाड प्लॅस्टिकचा कागद, आणि वर कर्दळ. खडीच्या पोकळीत पाणी साधारण दोन दिवस राहतं, मुळांवरचे जिवाणू आपलं काम करतात. स्वयंपाकघराच्या पाण्यातलं तेल खडी बुजवतं म्हणून त्याआधी तेल अडवणारा छोटा चेंबर. त्याची साय दर पंधरा दिवसांनी काढावी लागते. हे काम कोण करणार यावर जेवढी चर्चा झाली तेवढी बाकी कशावरही झाली नाही. शेवटी सफाईला येणाऱ्या ताईंच्या पगारात त्यासाठी वेगळी रक्कम वाढवली आणि त्यांना हातमोजे, लांब दांड्याचा झारा दिला. चरातून बाहेर पडणारं पाणी बागेला जातं. ते पिण्याजोगं नाही, भाजीपाल्यालाही द्यायचं नाही, असा फलक नळावर लावला आहे.

उपशाच्या दिवसाबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे.

टँकरवाल्याशी आधी बोलणं झालं होतं. सहा फेऱ्या, तळापर्यंत. घट्ट गाळ मोकळा करायला जोरदार पाण्याचा पाइप, म्हणजे जेटिंग. सकाळी दोन्ही कप्प्यांची झाकणं उघडली. तिसऱ्या फेरीनंतर पंप ओढेना, तळाला दगडासारखा थर लागला. तेव्हा टँकरबरोबर आलेला एक तरुण मुलगा चपला काढून कडेला उभा राहिला. “दोन मिनिटांचं काम आहे, दादा. फावड्याने हलवतो, मग ओढंल पंप.” त्याने दोरी आधीच कमरेला बांधली होती. हे तो सवयीने करत होता, यावरून कळतं की किती ठिकाणी त्याला उतरवलं गेलं असेल.

त्याला थांबवलं. टाकीत कुजणाऱ्या मैल्यातून मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतात. सल्फाइडला कुजक्या अंड्यांसारखा वास येतो, पण तो वायू दाट झाला की नाकाची वास घेण्याची ताकदच जाते. माणसाला वाटतं वास गेला, धोका टळला, आणि दोन-चार श्वासांत तो कोसळतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, मग तिसरा. झाकण उघडून तासभर ठेवलं म्हणून टाकी सुरक्षित होत नाही, कारण गाळ हलवला की त्यात अडकलेला वायू नव्याने बाहेर येतो. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं गुन्हा आहे. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंमागे कुटुंबाला १० लाख रुपये भरपाईचा आदेश दिला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. सोसायटीच्या सभासदांना हे ठाऊक नव्हतं. आवारात असा मृत्यू झाला तर काम देणारा म्हणून आपल्यावरही जबाबदारी येते, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पण कायद्याच्या भीतीपेक्षा त्या मुलाचं वय पाहून जास्त लोक हलले. एका आजींनी त्याला कडेला नेऊन बसवलं आणि चहा दिला.

माणूस न उतरवता तो थर निघाला. टाकीत बाहेरून पाणी सोडून जेटचा पाइप दोन्ही कप्प्यांच्या तोंडातून आळीपाळीने मारला, गाळ पातळ केला, थोडा वेळ थांबून पुन्हा ओढला. एका दिवसाचं काम दोन दिवस चाललं, फेऱ्या सहाच्या जागी सात झाल्या. गाळात काय काय निघालं ते सांगायला हवं, कारण पंप अडकायचं कारण त्यातच होतं. सॅनिटरी पॅड, लहान मुलांचे डायपर, प्लॅस्टिकच्या पिशव्या. संडासात टाकलेली अशी कोणतीच वस्तू कुजत नाही. घंटागाडी रोज दारात येते, कागदात गुंडाळून तिच्यात टाकायला तिथे वेगळा डबा असतो. ही सूचना आता प्रत्येक घरात, विशेषतः भाडेकरूंना, लेखी दिली जाते. टाकीत टाकायची ‘बॅक्टेरिया पावडर’ आता बंद केली आहे. ती टाकली की उपसा लागत नाही अशी समजूत होती. मैल्यात लागणारे जिवाणू मैल्याबरोबरच येतात. वाळू, राख, न कुजणारा भाग कोणत्याही पावडरीने जात नाही.

सात फेऱ्यांचा तो गाळ गेला कुठे, हा प्रश्न मला सुरुवातीपासून सतावत होता. पूर्वीच्या टँकरचा माल नाल्यात, कधी रात्री एखाद्या मोकळ्या प्लॉटवर, तर कधी शेतकऱ्याने मागितला तर वावरात पडत असे. वावरात खत म्हणून त्याची किंमत आहे, नत्र आणि स्फुरद त्यात असतं, पण कच्च्या मैल्यात जंतांची अंडी असतात आणि ती मातीत महिनोन्महिने टिकतात. वाळवून, तापवून, कंपोस्ट करून दिला तरच तो खत. नाल्यात टाकला तर नाशिकमध्ये तो नासर्डी, वाघाडी, वालदेवी यांतून शेवटी गोदावरीलाच मिळणार. रामकुंडावर जिचं पाणी तीर्थ म्हणून घेतलं जातं त्याच नदीत, थोडं खाली, आपल्या टाकीचा गाळ मिसळतो.

म्हणून टँकरच्या करारात अट घातली. गाळ मलनिस्सारण केंद्रावरच उतरवायचा, तिथली पावती सोसायटीला द्यायची, पावतीशिवाय त्या फेरीचे पैसे नाहीत. सातपैकी पाच पावत्या मिळाल्या. उरलेल्या दोन फेऱ्या रात्री उशिरा गेल्या, तेव्हा केंद्रावर घेणारं कोणी नव्हतं, असं सांगण्यात आलं. ते दोन टँकर कुठे रिकामे झाले हे कळलेलं नाही. त्यांचे पैसे दिले नाहीत, पण त्याने गाळ परत येत नाही.

या एका सोसायटीने आपल्या परीने जे जमवलं ते शहर म्हणून कसं व्हावं, याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. तीसएक किलोमीटरवरच्या सिन्नर नगर परिषदेने अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या केंद्राच्या मदतीने ठरावीक वेळापत्रकाने उपसा सुरू केला. सातारा जिल्ह्यातल्या वाईनेही तेच केलं. तिथे टाकी भरली म्हणून घरमालकाने फोन करायचा नसतो. गावाचे भाग पाडून तीन वर्षांत प्रत्येक घराची टाकी एकदा उपसली जाते, ठेकेदाराला पैसे कामाच्या प्रमाणात मिळतात, खर्च स्वच्छतेच्या करातून भागवला जातो आणि गाळ प्रक्रिया केंद्रावर जातो. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट ही वाटते, की घरमालकाच्या दारात टँकरशी भाव करण्याचा प्रसंगच उरत नाही. गाळ नाल्यात ओतून डिझेल वाचवण्यात ठेकेदाराचा फायदाही राहत नाही, कारण केंद्रावर पोचलेल्या गाळावरच त्याचा हिशेब होतो. केंद्र सरकारने २०१७ मध्ये मैला गाळ व्यवस्थापनाचं राष्ट्रीय धोरण आणलं, त्यातही याच दिशेने जायला सांगितलं आहे.

नाशिक शहराकडेही पाया आहे. तपोवन, आगर टाकळी, चेहेडी, पंचक इथे मलनिस्सारण केंद्रं आहेत. विल्होळीला २०१७ मध्ये जीआयझेड या जर्मन संस्थेच्या मदतीने एक वेगळा प्रकल्प उभा राहिला. सार्वजनिक शौचालयांचा मैला आणि हॉटेलांचं वाया गेलेलं अन्न एकत्र कुजवून त्याच्या गॅसवर वीज करायची, अशी त्याची कल्पना. रोज ३० टन माल आणि ३,३०० युनिट वीज असा त्याचा आराखडा होता. नुसत्या मैल्यातून गॅस कमी निघतो, अन्न मिसळलं की तो वाढतो, म्हणून ही जोडी. अशा प्रकल्पाचं यश यंत्रापेक्षा रोज येणाऱ्या मालावर अवलंबून असतं. हॉटेलवाल्याने ओलं-सुकं वेगळं केलं नाही तर टाकी प्लॅस्टिकने भरते, आणि सेप्टिक टँकमधला सहा वर्षं कुजून बसलेला गाळ आणला तर त्यातला गॅस केव्हाच उडून गेलेला असतो. ताजा गाळ हवा असेल तर उपसा वेळेवर व्हायला हवा. म्हणजे विजेच्या बाजूने पाहिलं तरी वेळापत्रकच लागतं.

आणि शहर थांबलेलं नाही. २००१ मध्ये नाशिक महापालिकेची लोकसंख्या १०,७७,२३६ होती, २०११ मध्ये १४,८६,०५३ झाली. दहा वर्षांत ३८ टक्के वाढ. १९८२ मध्ये महापालिका झाली तेव्हा जी गावं हद्दीत आली, त्यांच्या शिवारात आज इमारती आहेत. ड्रेनेज लाइन इमारतींच्या मागून चालत येते, कधी दहा वर्षांनी. मधल्या काळात टाकीच शहराचं ड्रेनेज असतं आणि तिला तेवढ्याच गांभीर्याने चालवायला हवं. २०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिकमध्ये मोठी कामं होत आहेत. पर्वणीच्या दिवसांत लाखो लोकांसाठी तात्पुरती शौचालयं उभी राहतील आणि त्यांचा मैला टँकरच वाहतील. ते टँकर, त्यांच्या नोंदी, रात्रीही गाळ उतरवून घेणारी केंद्रं, हे सगळं सिंहस्थानंतर गुंडाळून न ठेवता वेशीवरच्या वसाहतींसाठी वापरलं तर वेळापत्रकाच्या उपशाची निम्मी व्यवस्था तयार मिळेल. ही माझी आग्रहाची सूचना आहे.

पैशाचा हिशेब सोपा आहे. दोन वर्षांतून एकदा सहा फेऱ्या धरल्या तर १२,००० रुपये. २४ घरं, २४ महिने. घरटी महिन्याला २१ रुपये. आधी हाच खर्च ४२ रुपये होता. कर्दळीच्या चराला आणि पाइपच्या बदलांना वेगळा खर्च आला, तो एकदाच. मेंटेनन्सच्या पावतीवर आता ‘टाकी निधी’ असा स्वतंत्र रकाना आहे, म्हणजे समिती बदलली तरी तो पैसा दुसरीकडे वळणार नाही.

पुढच्या पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी आलं नाही. बोअरचं पाणी अजून पिण्यासाठी वापरत नाहीत, फक्त गाड्या धुवायला आणि झाडांना. शेतकऱ्याच्या विहिरीचा वास गेला, पण पावसाळ्यात घेतलेल्या नमुन्याची बाटली पुन्हा काळी पडली. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. विहिरीच्या पलीकडे तीसेक रो-हाउस आहेत. प्रत्येकाची छोटी टाकी, प्रत्येकाचा शोषखड्डा, आणि बहुतेकांना आपली टाकी नेमकी कुठे आहे हेही माहीत नाही. घरात चार-पाच माणसं, त्यामुळे टाकी भरायला वर्षं लागतात आणि कोणालाच घाई नसते. अरुंद गल्लीत मोठा टँकर वळत नाही. तिथे एकेकाने स्वतंत्र करार करणं शक्यच नाही. लहान गाडी, एका दिवशी आठ-दहा घरं, असं सामाईक वेळापत्रक लागेल. सोसायटीच्या सेक्रेटरी बाई आणि तो शेतकरी असे दोघं मिळून रो-हाउसवाल्यांची बैठक घेत आहेत. टाक्यांची जागा, माप आणि शेवटचा उपसा यांची यादी करून ती विभागीय कार्यालयात द्यायची, आणि रात्री उशिरा येणारा टँकरही केंद्रावर उतरवून घ्यावा अशी लेखी मागणी त्याच अर्जात करायची, असं ठरलं आहे. यादीत आतापर्यंत अकरा घरं आली आहेत.